आमच्या ‘माने’चा ‘मेन’ कुणी केला?

लेथवाला_कोल्हापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी माने. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक व्हीएमसी, आठ माणसं. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशीनिंग करायचं आणि पाठवायचं, हा धंदा. बावीस वर्षं झाली. भाषेचा आणि माझा संबंध दहावीच्या मार्कलिस्टपुरता, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांपासून इंग्लंडात एका गिऱ्हाइकाला पंपाचे भाग पाठवतोय. तिकडं काउपर साहेब म्हणून आहेत. साठीच्या आसपासचे, माणूस एकदम सरळ. स्पेलिंग सी-ओ-डब्ल्यू-पी-ई-आर, म्हणून काउपर. पहिल्याच व्हिडिओ कॉलला त्यांनी मला ‘मिस्टर मेन’ म्हटलं. मला वाटलं नेटवर्कची भानगड. दुसऱ्यांदा पण मेन. तिसऱ्यांदा मी ‘येस सर’ म्हणून मोकळा झालो. ऑर्डर मोठी होती, आणि ऑर्डर देणाऱ्याची जीभ कोण सुधारतंय! पण मागं आमची पोरं ऐकालीत हे ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपात माझं नाव ‘मेन स्विच’. मी चिडलो की ‘मेन स्विच ट्रिप झाला’. दुपारी खुर्चीत डोळा लागला की ‘मेन स्विच बंद हाय, हळू बोला’.

इथवर ठीक होतं. गेल्या महिन्यात तिकडं हिशेबाला कुणी नवीन मुलगी लागली. तिनं नाव जसं ऐकलं तसं टाइप केलं, एम-ए-आय-एन. पैसे निघाले ‘मेन इंजिनिअरिंग’च्या नावानं आणि खातं आहे ‘माने इंजिनिअरिंग’चं. बँकेनं अडकवले. अकरा दिवस! त्यात पोरांचा पगार, फौंड्रीचं देणं, वर लाइट बिल. मी काउंटरवर सांगालोय की अहो, मेन म्हणजे मीच, आणि पलीकडचा माणूस माझ्याकडं असा बघालाय की जणू मी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव चढवायला आलोय.

त्या रात्री जेवताना मुलगी म्हणाली, ‘पप्पा, चूक त्यांची नाही, आपल्या स्पेलिंगची आहे. एम-ए-एन-ई म्हणजे इंग्रजीत मेनच. घोड्याच्या आयाळीला म्हणतात.’ तिचं म्हणणं, एम-ए-ए-एन-ए-वाय करून टाका. मी म्हटलं, अगं, आजोबांच्या नोकरीच्या कागदापासून माझ्या जीएसटीपर्यंत सगळीकडं हेच स्पेलिंग आहे. बदलायचं म्हणजे गॅझेट, आधार, पॅन, बँक, आणि परत कुणी ‘मानाय’ म्हटलं तर?

आजोबांचं निघालं म्हणून सांगतो. ते संस्थानच्या काळात कचेरीत होते. स्वतःला ‘क्लार्क’ म्हणायचे. मी पाचवीत असताना इंग्रजीच्या सरांनी वडील-आजोबांचे व्यवसाय विचारले. मी ‘क्लार्क’ म्हटलं तर सर गरजले, ‘क्लर्क! ई-आर आहे, ए-आर नाही!’ सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी ते शहाणपण आजोबांना शिकवलं. म्हातारा नुसता हसला आणि पान लावत बसला. तेव्हापासून माझी समजूत अशी की इंग्रजीचं वाटोळं करावं ते आपण कोल्हापूरवाल्यांनीच. टेसन, बिरेक, कार्बेटर. अहो, आपण आपल्या गावालाच ‘कोलापूर’ म्हणतोय, तिथं इंग्रजीची काय कथा.

तर प्रश्न असा. हे स्पेलिंग आपल्याला दिलं कुणी? साहेबानंच दिलं असेल तर साहेबालाच ते वाचता कसं येत नाही? आणि स्पेलिंग बदलू की नको? खरंच विचारालोय, थट्टा वर्कशॉपात भरपूर होते.


गंगावेस_कट्टा

भावा, तू निदान मेन तरी झालास. आमचे दाजी काळे. अमेरिकेत त्यांना ‘केल’ म्हणतात. ती एक पालेभाजी आहे, कोबीच्या भावकीतली. आक्का फोनवर सांगत होती की डॉक्टरकडं नंबर पुकारला, ‘मिसेस केल’, तर ही जागची हलेचना, कारण हिला वाटलं कुणीतरी दुसरी बाई आहे. अर्धा तास बसून राहिली.

स्पेलिंग बदलू नको. बाकी विद्वान येतीलच.


निवृत्त_मास्तर

माने साहेब, आधी तुमच्या आजोबांचं देणं फेडतो. ते बरोबर होते. ई-आर लिहून ‘क्लार्क’ म्हणणं हाच इंग्लंडातला उच्चार, आजही. ‘क्लर्क’ हा अमेरिकेचा. मध्ययुगाच्या अखेरीला इंग्रजीत कित्येक शब्दांतला ‘एर’ घसरून ‘आर’ झाला. काही शब्दांत स्पेलिंग बदललं, काहींत तसंच राहिलं. डर्बी लिहितात आणि ‘डार्बी’ म्हणतात. सार्जंटच्या स्पेलिंगमध्ये ‘सर’ आहे, तरी तुम्ही-आम्ही सार्जंटच म्हणतो. युनिव्हर्सिटीचं लाडकं रूप ‘व्हार्सिटी’ आहे ना, तेही त्यातलंच. आणि ज्या घराण्यांनी उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरवलं त्यांचं आडनाव क्लार्क, ए-आर घालून. तुमच्या आजोबांनी तो शब्द साहेबाच्या तोंडून ऐकला असणार. तुमच्या सरांनी तो पुस्तकात वाचला. मीही नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत अशी किती बरोबर पोरं चुकीची ठरवली असतील, देव जाणे.

आता माने. साधारण सव्वासहाशे वर्षांपूर्वीच्या लंडनकराला तुमचं एम-ए-एन-ई दाखवलं असतं, तर तो ‘मेन’ म्हणाला नसता. ‘ए’ या अक्षराचा लांब उच्चार त्या काळी ‘आ’ होता आणि शेवटचा ‘ई’ मुका नव्हता. तो पुसट का होईना, ऐकू यायचा. आयाळ या अर्थाचा त्यांचा शब्द तेव्हा ‘मानअ’ असा काहीसा होता. म्हणजे तुमच्या नावाच्या उंबऱ्यापर्यंत तो माणूस आला असता. काउपर साहेबांचा खापरपणजा तुम्हाला नीट हाक मारत होता, नातवांनी बिघडवलं.

याहून गमतीचं सांगतो. खुद्द ‘नेम’ हा शब्द घ्या. तोही त्या काळी ‘नामअ’ होता. नाम! आता लगेच ‘बघा, आपल्याकडूनच उचललं’ म्हणून उड्या मारू नका. संस्कृत नामन्, लॅटिन नोमेन आणि इंग्रजीचं हे नाम ही एका आजीची नातवंडं. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं हे नातं जाहीरपणे मांडलं. ‘नाइट’, म्हणजे रात्र, हाही तसाच. त्यातलं मुकं जी-एच एके काळी घशातून येणारं ‘ख’ होतं, ‘निख्त’. आपल्याकडं नक्त उपास करतात, दिवसभर काही न खाता रात्री जेवायचं, त्यातलं ‘नक्त’ आठवा.

मग झालं काय? १४०० ते १७०० या तीनेकशे वर्षांत इंग्रजीचे सगळे लांब स्वर तोंडातल्या आपापल्या जागा सोडून सरकले. तुम्ही वडापनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपनं, प्रवास केला असेल. गाडी भरलेली असते, तरी ड्रायव्हर मागून अजून एकाला आत घालतो, मग सगळी ओळ पुढं सरकते आणि दाराशी असलेला बाहेर लोंबकळतो. तसंच. ‘आ’ सरकून ‘ए’कडं गेला, ‘ए’ सरकून ‘ई’ झाला, आणि ‘ई’ला पुढं जागाच उरली नाही, तो ‘आय’ होऊन दाराबाहेर लोंबकळला. म्हणून ‘टीम’चा टाइम झाला, ‘मेट’चा मीट झाला, आणि मानअचा आधी ‘मॅन’सारखं काहीतरी, मग ‘मेऽन’, मग आजचा मेन. पलीकडच्या बाकावरही हाच गोंधळ. ‘ओ’चा ‘ऊ’ झाला, म्हणून मून. ‘ऊ’चा ‘आउ’ झाला, म्हणून ‘हूस’चं हाउस. स्कॉटलंडात अजून ‘हूस’ म्हणणारी माणसं आहेत, ती त्या गाडीत चढलीच नाहीत. येस्पर्सन नावाच्या डॅनिश पंडितानं या सगळ्याला स्वरांचं महास्थित्यंतर अशा अर्थाचं नाव दिलं.

आणि नेमकं हे चालू असताना, १४७६ मध्ये, कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. स्पेलिंगं हळूहळू गोठायला लागली. दुकानावर पाटी रंगवून झाली ‘येथे भांडी मिळतील’, आणि मालकानं आत कापड विकायला काढलं. इंग्रजी स्पेलिंग म्हणजे ती जुनी पाटी. मुलं आयुष्यभर त्या पाटीला शिव्या देतात, पण तिच्याच जोरावर आपल्याला आत पूर्वी काय विकत होते ते कळतं.

राहता राहिलं तुमचं स्पेलिंग दिलं कुणी. कंपनीच्या काळात प्रत्येक साहेब आपल्या कानानं लिहायचा. ऊला डबल ओ, ईला डबल ई, अला यू. पुण्याचं पूना, रत्नागिरीचं आर-यू-टी-एन-ए-जी-एच-ई-आर-आर-वाय. कोल्हापूरचं के-ओ-एल-ए-पी-ओ-आर-ई, त्यात ‘ह’ नाही. म्हणजे त्यानं तुमचं-आमचं ‘कोलापूर’ प्रामाणिकपणे टिपलं होतं. पन्हाळ्याचंही तेच, तिथंही ‘ह’ गळालेला. आपण ‘पनाळा’ म्हणतो, त्यानं ते ऐकलं. दोष कशाला मानता?

पुढं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा गोंधळ आवरायला सरकारनं विल्यम हंटरची पद्धत घेतली. तिचा पाया त्याच विल्यम जोन्सचा. जोन्सनं धोरण ठेवलं होतं की स्वर घ्यायचे इटालियन-लॅटिन वळणाचे, व्यंजनं इंग्रजीची. ए म्हणजे अ किंवा आ, ई म्हणजे ए. म्हणून माने म्हणजे एम-ए-एन-ई. म्हणून ठाणे टी-एच-ए-एन-ई, ज्याला अजाण इंग्रज ‘थेन’ म्हणतो. इटलीतला माणूस तुमचं नाव पहिल्या फटक्यात बरोबर वाचेल. इंग्रजाला येत नाही, कारण ही पद्धत ज्या स्वरांवर बेतली, ते स्वर त्याच्या पूर्वजांनी वडापमध्ये गमावले. तुमची मुलगी सांगते ते स्पेलिंग मात्र अस्सल कंपनी सरकारचं आहे. १८१८ सालच्या एखाद्या कॅप्टननं तुमचं नाव तसंच लिहिलं असतं.

जाता जाता एक शंका. काउपर साहेबांना त्यांच्या नावाचा उच्चार कधी विचारलात का? बहुतेक काउपर हे ‘कूपर’ असतात. प, ब, म यांच्या आधी आला की ‘ऊ’ जागचा हलला नाही. ‘रूम’ बघा, ते ‘राउम’ झालं नाही. आडनावात जुनं स्पेलिंग राहिलं आणि उच्चारही जुनाच राहिला. विचारून बघा.


अभिमानी_मराठी

मास्तर, छान माहिती. पण यातून एकच सिद्ध होतं की इंग्रजी ही बेभरवशाची भाषा आहे. लिहायचं एक, बोलायचं दुसरं. आपली मराठी जशी लिहितो तशी बोलतो. हा आपला मोठेपणा आहे आणि तो मान्य करायला हवा.


निवृत्त_मास्तर

अहो अभिमानी, ‘राम’ म्हणा बरं. राम्. शेवटचा ‘अ’ कुठं गेला? संस्कृतात तो होता. आपण तो तसाच गाळला जसा इंग्रजांनी नामअचा शेवटचा ‘अ’ गाळला, फरक इतकाच की ते मुकं अक्षर त्यांच्या कागदावर दिसतं आणि आपलं मकाराच्या पोटात लपतं. ‘चमचा’ म्हणा. दोन च, दोन उच्चार, अक्षर एकच. ‘ऋषी’तला ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो, हिंदीवाले ‘रि’ म्हणतात, पाणिनीला दोन्ही पटले नसते. ‘ष’ पोटफोड्या लिहितो आणि ‘श’च म्हणतो. आणि हल्लीची पोरं ‘फळ’ म्हणताना ओठ मिटत नाहीत, खालचा ओठ दातांना लावून इंग्रजी ‘एफ’ काढतात. मी वर्गात पन्नासदा थांबवलं, मग कंटाळलो. अजून शंभर वर्षांनी तोच मराठी ‘फ’ असेल, आणि कुणीतरी मास्तर जुना ‘फ’ म्हणणाऱ्याला दटावत असेल.


गडिंग्लजची_परिचारिका

मी मूळची गडहिंग्लजची, सध्या इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे. रात्रपाळीत लिहितेय, शुद्धलेखन पोटात घाला.

मी इथं पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावरच्या बस-काउंटरवर ‘लायसेस्टर’चं तिकीट मागितलं. स्पेलिंगच तसं आहे ना, एल-ई-आय-सी-ई-एस-टी-ई-आर. त्या माणसानं तीनदा विचारलं. शेवटी मी कागदावर लिहून दाखवलं तर हसला, ‘लेस्टर, मी डक’. मला वाटलं बदक म्हणून हिणवतोय. नंतर कळलं, इकडं अनोळखी माणसालाही प्रेमानं तसंच म्हणतात. वॉर्डमधले आजोबा मला रोज म्हणतात.

हे ‘सेस्टर’ म्हणजे रोमन लोकांची छावणी, लॅटिन कास्ट्रा. चेस्टर, मँचेस्टर, लँकेस्टर, सगळी त्याच शब्दाची पोरं. कुठं पूर्ण शिल्लक राहिला, कुठं चुरगळला. मला सुरुवातीला लई हसू यायचं. मग एकदा आईला व्हिडिओ कॉल लावला, शेजारी इथली एक मैत्रीण बसली होती. तिनं माझ्या गावाचं नाव नकाशावर वाचलं, अक्षर न् अक्षर, ‘गड-हिंग-लज’, आणि आई मला विचारते, ‘कुठलं गाव म्हणाली गं ती?’ आम्ही जन्मभर ‘गडिंग्लज’ म्हणालो ना. तेव्हापासून लेस्टरवर हसणं बंद.

मास्तरांनी ‘अ’ला ‘यू’ लिहायचे असं म्हटलं, त्यावरून सांगते. इकडं मिडलँड्सला आणि उत्तरेला ‘बस’ला ‘बुस’ म्हणतात, ‘कप’ला ‘कुप’. मला वाटायचं ही गावठी बोली. तर तोच उच्चार जुना निघाला. दक्षिणेकडच्यांचा ‘उ’ सतराव्या शतकात ‘अ’ झाला, ह्यांचा झालाच नाही. पंजाब पी-यू लावून लिहिणारा साहेब ‘कप’ म्हणणारा होता. माझी रूममेट लुधियानाची आहे, तिला इथली माणसं ‘पूंजाब’ म्हणतात. ती रोज दुरुस्त करते, मी सोडून दिलंय.

कारण माझं स्वतःचं नाव ‘ज्ञ’नं सुरू होतं. पूर्ण सांगत नाही. स्पेलिंग डी-एन-वाय-ए. इथल्या माणसांना डी-नंतर एन दिसला की घाम फुटतो, बॅजवर फक्त ‘डी’ आहे. रूममेट मला ‘ग्या’ म्हणून हाक मारते, तिच्या हिशेबानं तेच बरोबर. आणि आई ‘द्न्या’. एकाच दिवसात मी तीन बायका असते.

माने दादा, तुम्ही फक्त सांगा त्यांना. इथली माणसं नाव चुकलं की मनापासून ओशाळतात, पण तुम्ही बोलला नाहीत तर त्यांना कळणार कसं? आमच्या वॉर्डात एक सिस्टर बॅजखाली लहान अक्षरांत उच्चार लिहिते. मी पण करणार होते, पण ‘द्न्य’ इंग्रजीत लिहू कसं?


मावळी_गडी

इष्टुर फाकड्याला विसरलात होय? आमच्या वडगाव मावळात समाधी आहे त्याची. कॅप्टन स्टुअर्ट. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज मुंबईहून पुण्यावर चालून आली, तेव्हा कार्ल्याजवळ पडला. मराठ्यांनी शत्रूच्या शौर्याला ‘फाकडा’ म्हणून दाद दिली आणि ‘स्ट’ जिभेवर बसेना म्हणून आधी ‘इ’ लावला. इष्टुर. इष्टेट, इष्टेशन, सगळी त्याचीच भावंडं. नाव बिघडवलं म्हणा, पण स्वच्छ ‘स्टुअर्ट’ नावाचे किती साहेब आले नि गेले, मावळात लक्षात राहिला तो इष्टुर.

शिवाय स्टुअर्ट तरी कुठला मूळचा! कारभारी या अर्थाच्या ‘स्ट्यूअर्ड’वरून ते घराणं निघालं. मग स्कॉटलंडची राणी मेरी फ्रान्समध्ये वाढली, फ्रेंचांकडं डब्ल्यूची बोंब, म्हणून ई-डब्ल्यू जाऊन यू आला. राणीच्या नावाचं हे, तर कॅप्टनचं काय घेऊन बसलात.


मिरजेचा_याकोब

आजोबांचं नाव याकोब, माझंही तेच. आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते, डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते. माझ्या धाकट्या भावाचं नाव ठेवलं जेम्स, जरा मॉडर्न म्हणून. कॉलेजात असताना पाळकांनी सांगितलं तेव्हा कळलं की दोन्ही भावांचं नाव एकच! लॅटिनमध्ये याकोबुस, त्याचं एक रूप याकोमुस, त्यातून घासत घासत जेम्स. म्हणून इंग्रजी बायबलात जे जेम्सचं पत्र, तेच मराठीत याकोबाचं पत्र. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, ‘बरं झालं, एकाच नावात दोघे भागले.’

आणि मराठी उच्चार गावठी म्हणणाऱ्यांसाठी एक. येशू, योहान, याकोब यातला ‘य’ हिब्रूला जवळचा आहे. इंग्रजीतला ‘ज’ नंतरचा, १०६६ नंतर नॉर्मन फ्रेंचांबरोबर आला. पासपोर्टवर माझं जेकब आहे. विमानतळावर ‘मिस्टर जेकब’ म्हणून पुकारलं की मी अजून एक क्षण इकडंतिकडं बघतो.


गंगावेस_कट्टा

म्हणजे आक्काच्या ‘मिसेस केल’सारखंच. 😀

बरं, मी पण एक देतो. गाडीच्या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. हे वेल्समधल्या लनेथली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कंपनीनं ते चाक काढलं, गल्लीच्या नावानं विकलं. आता इंग्लंडात स्टेपनी म्हटलं तर कुणाला कळत नाही, आणि आपल्याकडं पंक्चरवाल्याला त्याशिवाय दुसरा शब्द माहीत नाही. लनेथलीचा उच्चार मी एका व्हिडिओत ऐकला. जीभ टाळूला लावून बाजूनं फुंकर मारायची. आमच्या गल्लीतल्या पोरांना शिकवलाय, सगळं गंगावेस फुसफुसतंय.


लेथवाला_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मशीनची बेअरिंग गेली होती.

सोमवारी कॉल होता. आधी मालाचं बोलून घेतलं, दोन भागांवर टॉलरन्सचा वाद होता तो मिटवला. मग धीर करून विचारलं, साहेब, तुमचं आडनाव काउपर की कूपर? तिकडं एकदम शांतता. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग ते हळूच म्हणाले, ‘कूपर.’

तीन वर्षं! मंडळी, तीन वर्षं मी त्या माणसाला दर आठवड्याला चुकीच्या नावानं हाक मारत होतो, आणि तो ‘येस मिस्टर मेन’ म्हणत होता. मी विचारलं, कधी बोलला का नाहीत? म्हणाले, माल वेळेवर येत होता, मग नावाचं कशाला काढायचं.

मग मी माझं काढलं. ‘मा’ म्हणजे त्यांच्या ‘फादर’मधला ‘फा’ जसा तसा, ‘ने’ म्हणजे ‘नेट’मधला ‘ने’. त्यांनी म्हणून बघितलं. पहिल्यांदा ‘माने’ आणि ‘मानी’च्या मध्ये काहीतरी आलं. तिसऱ्या खेपेला जमलं. मास्तर, मी त्यांना तुमचं सव्वासहाशे वर्षांपूर्वीचंही सांगितलं, वडाप सोडून. वडापला इंग्रजी शब्द सुचला नाही. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, बायकोला सांगणार म्हणाले, ती शाळेत शिकवायची.

स्पेलिंग बदलत नाही. मुलीनं ईमेलच्या तळाशी नावाखाली एक ओळ घातली आहे, उच्चार असा असा म्हणून. हिशेबाच्या त्या मुलीलाही साहेबांनी बोलावून सांगितलं म्हणे. या वेळचे पैसे तिसऱ्या दिवशी जमा झाले.

क्लार्कचं मात्र मनाला लागून राहिलंय. आजोबा जाऊन एकोणतीस वर्षं झाली. घरात त्यांचा पानाचा डबा आहे, आई अजून त्यात हळकुंडं ठेवते. मी रविवारी तो पुसून ठेवला.

पोरांना सगळी हकिकत सांगितली. वडाप, जोन्स, इटली, सगळं. हाताखालचा पोरगा लेथ न थांबवता सगळं ऐकून घेतला आणि म्हणाला, ‘म्हंजे मेन स्विच बी जुनाच हाय म्हणा की. चा आलाय, घ्या.’